लिहून नेलेल्याचं काय झालं?

पाचवा प्रश्न वाचून व्हायच्या आतच अक्कांनी सातव्याचं उत्तर देऊन टाकलं. सोलापुरातल्या विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं घर, दुपारची वेळ, उघड्या दारातून येणारा तंबाखूचा उग्र वास. माझ्या लेकीच्या कॉलेजातल्या गटातली एक मुलगी मोबाइलवर फॉर्म उघडून "घरात एकूण माणसं किती" असं वाचत होती, आणि अक्का तेंदूच्या ओल्या पानाची कड कात्रीनं कापत, मान वर न करता सांगत होत्या. माणसं सहा, कमावती तीन, गॅस आहे, संडास घरात आहे, नळ चार दिवसांआड, कर्ज बचत गटाचं. मुलगी गोंधळली. तिचा फॉर्म क्रमानं जाणारा, गॅस पुढच्या पानावर होता. तिनं मागं जाऊन परत विचारलं, तेव्हा अक्कांनी कात्री सुपात ठेवली आणि शेजारणीकडे गेलेल्या डब्याची चौकशी करावी इतक्या सहज विचारलं, "मागच्या येळंला बी लिहून नेले की. त्याचं काय झालं मग?"

मुलींना त्या भागातल्या गल्ल्या नवीन, आणि मी बँकेच्या काउंटरवर बसते त्यामुळे मला तिथली बरीच घरं ओळखीची, म्हणून मी सोबत गेले होते. मी दाराशीच उभी होते. मुलींकडे उत्तर नव्हतं आणि ते असण्याचं कारणही नव्हतं. मागच्या वेळी आलेली मुलं दुसऱ्या कुठल्या कॉलेजची असतील, त्यांचा विषय वेगळा असेल. ती माहिती एखाद्या अहवालात गेली असणार, अहवाल बाइंडिंग होऊन जमा झाला असणार, त्यावर मार्कही पडले असणार. पण अक्कांच्या लेखी आलेली मुलं तीच होती. दारात चपला काढणारी, पाणी नको म्हणणारी, कॉलेजातून आलोय असं सांगणारी. माणसं बदलली तरी अक्कांसाठी कॉलेज एकच आहे, हे मला त्या दाराशी पहिल्यांदा नीट कळलं.

तो प्रश्न मी बरेच दिवस बरोबर घेऊन फिरतेय.

आम्ही शिकत होतो तेव्हा सोलापूरच्या मुलांची मार्कशीट कोल्हापूरहून यायची. नाव दुरुस्त करून घ्यायचं म्हटलं तरी रात्रीची एसटी धरायची आणि सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभं राहायचं. विद्यापीठ म्हणजे लांबचं, आपल्याला डिग्री देणारं काहीतरी, एवढीच आमची समजूत. लोकांत जाऊन काम करणं मात्र कॉलेजातच भेटलं, एनएसएसमधून, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतून. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत 40 हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ही योजना आमच्यापर्यंत आली तोवर तिची रीत ठरून गेली होती. दोन वर्षांत 240 तास काम, एक दत्तक गाव, आणि त्या गावात मुक्कामाचं शिबिर. आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं. शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री अंथरून झोपायचं, पहाटे हिवाळी गारठ्यात प्रभात फेरी, मग टिकाव-फावडी घेऊन ओढ्यावर. दुपारी पिठल्याच्या पातेल्यातून निघणारी वाफ आणि हाताला आलेले फोड, दोन्ही अजून आठवतात. घरात कधी खराटा न धरलेली मुलं तिथं भांडी घासायला शिकली. त्या दिवसांनी आमचं पुष्कळ भलं केलं, ते मी कधीच नाकारणार नाही.

गावाचं काय भलं झालं, हा प्रश्न मात्र तेव्हा कुणी विचारत नसे. एक गोष्ट तेवढी लख्ख आठवते. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा होता आणि आम्ही चुन्यानं आखलेल्या रेघेवर खणत होतो. एक म्हातारे आजोबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत बसले होते. शेवटी न राहवून म्हणाले, "आरं पोरांनो, पाणी हितनं येतच न्हाई. पाऊस जोराचा झाला की त्या बाभळीखालनं येतंय." आमचे सर खाली उतरले, आजोबांच्या बरोबर बाभळीपर्यंत चालत गेले, तिथं उकिडवे बसून दोघं काहीतरी बोलले, आणि परत येऊन सरांनी रेघ पुसायला सांगितली. सकाळपासून खणलेलं सगळं वाया गेलं म्हणून आम्ही चिडलो होतो. पण त्या शिबिरात गावानं विद्यापीठाला काही शिकवलं असेल तर ते त्या दुपारी. पुढे पावसाळ्यात बांधामागं पाणी थांबल्याचं सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा निकाल लागल्यासारखा खुलला होता.

आता सगळंच बदललंय. 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, एका जिल्ह्यापुरतं. एका जिल्ह्याचं कसलं विद्यापीठ, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला आता वाटतं, त्याचं मोठं बळ हेच आहे. करमाळा असो, सांगोला असो की अक्कलकोट, विद्यापीठ आहे त्या केगावहून सकाळी निघालेला माणूस काम उरकून संध्याकाळी घरी येऊ शकतो. लांबच्या विद्यापीठाला जे जमणार नाही ते इथं जमू शकतं, म्हणजे परत जाणं. अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचं तिसरं काम आहे असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 1977 मध्येच म्हणून ठेवलं होतं. 2014 मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात कॉलेजं पाच-पाच गावं घेतात. नव्या शैक्षणिक धोरणानं तर हे काम थेट अभ्यासक्रमात आणलं. फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, आणि त्याला पदवीत धरलं जाणारं क्रेडिट. पूर्वी एनएसएसच्या शंभराच्या युनिटमध्ये हौसेनं नाव घातलेली मुलं जायची, आता वर्गातलं प्रत्येक पोर कुणाच्या ना कुणाच्या दारात उभं राहणार आहे. म्हणजे अक्कांच्या दारात येणारी मुलं वाढणार, आणि त्यांचा प्रश्नही वाढणार.

माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते. तिला हे पटत नाही. मार्कांसाठी केलेली सेवा ही सेवाच नव्हे, असं ती तळमळून म्हणते, आणि तिचं दुखणं मला कळतं. क्रेडिटसाठी तास भरले पाहिजेत, तासांची नोंद पाहिजे, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी अक्षांश-रेखांश छापलेला फोटो पाहिजे. फोटो काढून झाला की मुलांचं लक्ष घड्याळाकडे जातं, हेही तिनं पाहिलंय. तरी मला सक्तीचं एवढं वावडं वाटत नाही. शाळेत पाढेही सक्तीनंच पाठ केले होते. मुलगी दारापर्यंत कशामुळे आली यापेक्षा दारातून आत गेल्यावर तिनं काय केलं, याकडे मी बघते. आणि त्या दिवशी अक्कांच्या घरात जे झालं ते फॉर्ममध्ये कुठंच मावणारं नव्हतं.

गटात एक मुलगी होती, गप्प गप्प राहणारी. बाकीच्या फॉर्मशी झटापट करत होत्या तेव्हा ती अक्कांच्या हाताकडे बघत होती. अक्का तिला म्हणाल्या, "कूर्चो अम्मा," आणि ती बसली. बसल्यावर तिचा हात आपसूक सुपाकडे गेला. कापलेलं पान डाव्या तळहातावर घेतलं, चिमटीनं तंबाखू पसरली, अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं पान एका दमात वळवलं, टोक दुमडलं, दोऱ्याचे वेढे दिले आणि विडी सुपात टाकली. हे सगळं इतक्या पटकन झालं की बाकीच्या मुली बघतच राहिल्या. अक्कांनी विडी उचलून दोन बोटांत दाबून पाहिली आणि मान हलवली. मग दोघी तेलुगूत बोलायला लागल्या. त्या मुलीची आई विडी वळते, आजीही वळायची, आणि सकाळी कॉलेजला निघण्याआधी ती स्वतःही आईला हात लावते, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या लेकीलासुद्धा नाही.

सोलापुरातलं विद्यापीठ समाजाकडे जातं असं आपण म्हणतो तेव्हा ही मुलगी डोळ्यांपुढे आणावी. समाज तिच्याबरोबर रोज सिटी बसनं कॉलेजात येतो आणि मागच्या बाकावर बसतो. एखाद्याचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, रात्रपाळी करतात. सांगोल्याच्या एखाद्या मुलाच्या घरच्या डाळिंबावर तेल्या रोग आलेला असतो, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र त्याच्या विद्यापीठाजवळ, केगावातच आहे. बापानं पाठवलेला पानांवरच्या डागांचा फोटो त्या मुलाच्या मोबाइलमध्ये पडून असतो. तो फोटो केंद्रातल्या शास्त्रज्ञापर्यंत नेणं आणि तिथला सल्ला गावातल्या दहा बागांपर्यंत पोचवणं, यापेक्षा चांगला प्रकल्प त्याला दुसरा कुठला द्यायचा? भागीदारी म्हणून करारावर सह्या होतात, त्याही हव्यात. पण इथं जिल्ह्यातल्या घराघराशी करार आधीच झालेले आहेत, मुलांच्या जन्मानं.

त्या तेलुगू बोलण्यातून निघालं ते असं. अक्कांच्या थोरल्या जावेची पेन्शन बंद पडली होती. फॉर्ममध्ये पेन्शनचा रकानाच नव्हता. विडी कामगारांचा पीएफ कापला जातो, म्हातारपणी त्यातून महिन्याला पेन्शन येते. किमान रक्कम हजार रुपये, ती 2014 पासून तेवढीच आहे. हजार रुपयांत काय होतं असं कुणाला वाटेल, पण काउंटरवर बसून मी बघते ना, ते हजार रुपये त्या बाईचे स्वतःचे असतात. त्यातून ती नातीला बांगड्या घेते, गोळ्या आणते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कुणापुढे हात न पसरता जाते. ही पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखला मशिनवर बोट ठेवून होतो. आणि जन्मभर विड्या वळलेल्या बाईचं बोट मशिनवर उमटत नाही.

हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी जरा थांबून सांगते. पानाच्या कडा, तंबाखूची पूड आणि ताणलेला दोरा यांनी अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी वर्षानुवर्षं घासली जाते. बोट उजेडात धरलं तर रेषा दिसत नाहीत, नुसतं गुळगुळीत, पिवळसर, चकाकणारं टोक दिसतं. नोव्हेंबरात बायका रांगेत उभ्या राहतात. मशीनवाला मुलगा म्हणतो, आजी, बोट पुसा. ती पदराला पुसते. मग ओल्या फडक्यानं, मग कुणी सांगतं जरा तेल लावून बघा, मग दुसरा हात, मग मधलं बोट. मशिनचा तांबडा दिवा लागत राहतो. ज्या कामाची ती पेन्शन, त्याच कामानं त्या पेन्शनचा पुरावा पुसून टाकलाय. रांगेतून बाहेर पडताना ती बाई आपल्या बोटाकडे ज्या नजरेनं बघते ती मला बघवत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो विशीतल्या मुलीच्या खिशात आहे. काही वर्षांपासून हा दाखला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही करता येतो. आधारची चेहरा ओळखणारी सुविधा आणि जीवन प्रमाण, अशी दोन अॅप लागतात. आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर आणि ओटीपी हाताशी पाहिजे. या पेन्शनचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरची रांग आता नुसती सवयीची आहे. मी मुलींना हे सांगितलं आणि पुढच्या रविवारी त्यांनी वस्तीतल्या समाजमंदिरात बैठक मांडली. सोपं काम नव्हतं ते. दाराच्या उजेडात बाईला बसवायचं, चष्मा काढायला लावायचा, डोळे मिचकवा म्हणून तेलुगूत सांगायचं. ती गप्प राहणारी मुलगीच आता पुढं होती आणि बाकीच्या तिच्या हाताखाली. कुणाचा ओटीपी साच्यावर गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर, आणि साच्यांच्या खडखडाटात त्याला फोन ऐकू येत नाही. कुणाचं आधारवरचं नाव एक आणि पीएफमधलं वेगळं. अशांचं काम त्या दिवशी झालं नाही, त्यांना परत यावं लागणार हे वहीत लिहून घेतलं. अक्कांच्या जावेचा दाखला झाला तेव्हा तिनं मोबाइलच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा बराच वेळ बघितला.

एक गोष्ट मी मुलींना बजावून सांगितली होती आणि जिथं जिथं अशी कामं चालतात तिथं सांगेन. कुणाच्याही आधारकार्डाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही, नंबर कागदावर उतरवून घरी न्यायचा नाही, ओटीपी मोठ्यानं वाचायचा नाही. गरीब बाई कॉलेजच्या पोरींवर विश्वास टाकून सगळं पुढं करते. बँकेत बसून मी फसलेली माणसं पाहिलीत, त्यामुळे मला या बाबतीत ढिलाई चालत नाही. सेवेच्या शिबिराआधी प्रत्येक कॉलेजनं मुलांना ही शिकवण द्यायलाच हवी.

त्याच बैठकीत मुलींनी आणखी एक केलं, ते मला दाखल्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. गल्लीतल्या घरांची जी माहिती त्यांनी फॉर्मवर भरली होती ती एका कागदावर काढून आणली आणि तेलुगूत व मराठीत वाचून दाखवली. वाचता वाचताच बायकांनी थांबवलं. कामाचे दिवस महिन्याला पंचवीस असं त्यात आलं होतं. पंचवीस दिवस कुठलं काम, असा एकच गलका झाला. पान कमी आलं की आठवड्यात दोन दिवस हात रिकामे, वळलेल्यातल्या काही विड्या छाटून बाजूला टाकतात त्याचे पैसे नाहीत, हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणून सांगितलं गेलं नव्हतं. मुलींनी आकडा तिथंच खोडला. अहवाल गुळगुळीत निघाला असता, आता त्यात खाडाखोड आहे, पण तो खरा आहे. कागदाची एक प्रत समाजमंदिराच्या भिंतीवर लागली. पोरंटोरं ती वाचतात, मोठ्या बायका त्यांच्याकडून वाचून घेतात.

विद्यापीठाला 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. त्या पाटीसमोरून जाताना मला हल्ली नेहमी वाटतं, या नावाशी सोलापूरचं नातं आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही. अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकरांना बोलावून वसवलं, त्यांच्या हाताला काम दिलं, आणि ते विणकाम तिथं आजही चालू आहे. आपलंही गाव विणकरांचंच. देशभर त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आपल्या पंढरपुरात त्यांचा वाडा उभा आहे. पण मला त्यांच्या कामातली थोर गोष्ट वाटते ती अशी की नुसतं बांधून त्या थांबल्या नाहीत. पुढच्या खर्चाची, पूजेची, अन्नछत्राची दरसालची नेमणूकही त्यांनी करून ठेवली. उद्घाटनानंतरच्या वर्षांचा विचार करणारी ती दृष्टी आपल्या कॉलेजांच्या सेवाकार्यात यावी असं मनापासून वाटतं. कुंभारीला रे नगर उभं राहिलंय, कामगारांसाठीची 30 हजार घरांची योजना, त्यातली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या हाती आली. एवढं मोठं गाव एकदम वसतं तेव्हा शेजारही नव्यानं जुळवावा लागतो. तिथं दरवर्षी नवा गट जाऊन तेच प्रश्न विचारणार असेल, तर चार वर्षांत तिथल्या बायकाही पाचवा प्रश्न पुरा व्हायच्या आत सातव्याचं उत्तर द्यायला लागतील.

म्हणून सध्या माझा आणि लेकीच्या सरांचा एका वहीवरून वाद चाललाय, वाद म्हणजे प्रेमाचाच. दाखला राहिलेल्या बायकांची नावं, कुणाचं नाव कुठल्या कागदावर चुकलंय, पीएफ ऑफिसात काय सांगितलं, कुणाला पुन्हा कधी भेटायचं, हे सगळं त्या वहीत आहे. त्यात आधारचे नंबर नाहीत. सरांचं म्हणणं, वही विभागाच्या कपाटात राहू दे, जूनमध्ये पुढची बॅच आली की काढून देऊ. सर कळकळीचे आहेत, त्यांच्या शब्दावर माझा भरवसा आहे. पण सरांची बदली होऊ शकते, कपाटाची किल्ली हरवू शकते, आणि परीक्षांचे पेपर आले की आधी कपाटच रिकामं केलं जातं. माझं म्हणणं, वही वस्तीतच राहावी, समाजमंदिराची किल्ली ज्या बाईकडे असते तिच्याकडे. पुढच्या बॅचनं तिच्याकडे जावं, वही मागावी, आधीच्यांनी काय केलं ते तिच्यासमोर बसून वाचावं आणि काय राहिलंय ते तिनं सांगावं. सर म्हणतात, विद्यापीठाच्या नोंदीसाठी मूळ वही आमच्याकडे लागेल. मी म्हटलं, विद्यापीठाला झेरॉक्स द्या.